विषाणूचें कवच व रक्ताचा वारसा

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनें निघालेली आगगाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक घेते. यांपैकीं अंबरनाथचें नांव शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखामुळें व तेथील शिलाहारकालीन शिवालयामुळें इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. उल्हासनगरचा इतिहास मात्र एका मनुष्याच्या आयुष्यांत मावण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं येथें लष्करी छावणी होती. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारें एक लक्ष निर्वासितांस या छावणीच्या रिकाम्या बराकींत आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या वसाहतीस उल्हासनगर हें नांव दिलें. छावणीचे जे पांच भाग होते त्यांस लोक अजूनहि 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर दोन' असेंच म्हणतात.

निर्वासितांनीं बरोबर फारसें सामान आणलें नव्हतें. आपली भाषा, झुलेलालची भक्ति आणि व्यापाराची हातोटी एवढ्याच भांडवलावर त्यांनीं नवें नगर उभें केलें. परंतु त्यांच्यापैकीं कित्येकांबरोबर आणखीहि एक गोष्ट आली होती आणि तिची त्यांस स्वतःसहि कल्पना नव्हती. ती त्यांच्या रक्तांत होती. तिचें शास्त्रीय स्वरूप पुढें काय ठरलें, तिनें किती घरांत दुःख आणलें आणि मनुष्यजातीच्या एका भयंकर शत्रूच्या देहरचनेचें ज्ञान त्या दुःखावर उपाय म्हणून कसें उपयोगीं पडूं लागलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मनुष्याच्या रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिन या प्रथिनाचा होय. फुफ्फुसांतील प्राणवायु साऱ्या शरीरास पोंचविण्याचें काम तें करतें. हें प्रथिन कसें घडवावें याविषयींचा मजकूर प्रत्येक मनुष्याच्या पेशींत रासायनिक अक्षरांत लिहून ठेवलेला असतो. त्यास जनुक म्हणतात. हिमोग्लोबिनाची बीटा नांवाची जी साखळी आहे, तिचें जनुक सुमारें १,६०० अक्षरांचें आहे. सिंधी व लोहाणा घराण्यांत विशेषेंकरून आढळणाऱ्या एका दोषांत या मजकुराच्या शेवटाकडचीं ६१९ अक्षरें गळालेलीं असतात. मजकूर असा तुटला म्हणजे बीटा साखळी मुळींच तयार होत नाहीं.

प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व दुसरी बापाकडून आलेली. एकच प्रत सदोष असेल तर मनुष्य निरोगी राहतो, कामधंदा करतो, म्हातारा होतो, आणि आपण या दोषाचे वाहक आहों हें त्यास बहुधा कळतहि नाहीं. आईबाप दोघेहि असे वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक या प्रमाणांत अशी शक्यता असते कीं, होणाऱ्या मुलास दोन्ही प्रती सदोषच मिळतील. अशा मुलास थॅलेसेमिया होतो. जन्मतः तें सुदृढ दिसतें. पण पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच तें फिकट पडूं लागतें, त्याची प्लीहा वाढते आणि बाहेरून रक्त मिळालें नाहीं तर बालपणींच त्याचा अंत होतो.

हा दोष कोणाच्या पातकाचें फळ नव्हे. १९४९ सालींच, म्हणजे उल्हासनगरचें नामकरण झालें त्याच वर्षीं, जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं भूमध्यसमुद्राच्या कांठच्या लोकांतील थॅलेसेमियाविषयीं एक मार्मिक तर्क प्रसिद्ध केला. ज्या प्रदेशांत हिंवतापाचा सतत कहर असतो, तेथें एक प्रत सदोष असलेल्या मनुष्यास त्या तापापासून कांहींसें संरक्षण मिळत असावें आणि म्हणूनच हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला असावा, असा तो तर्क होता. पुढील संशोधनानें त्यास पुष्टि मिळाली. सिंधूच्या मुखाकडील दलदलीच्या प्रदेशासहि हाच न्याय लावतात. एके काळीं पूर्वजांस ज्यानें तारलें, तेंच दोन बाजूंनीं एकत्र आलें म्हणजे नातवंडांस मारक होतें. शिवाय ही गोष्ट एकट्या सिंधी समाजाची नाहीं. पंजाब, गुजरात, कच्छ व बंगाल येथें आणि मराठी बोलणाऱ्या अनेक समाजांतहि या दोषाचे वाहक आहेत. भारतांत शंभरांत तीन ते चार माणसें वाहक असावींत व दरवर्षीं दहा ते बारा हजार मुलें हा रोग घेऊन जन्मत असावींत, असा अंदाज आहे.

या रोगाचें स्वतंत्र वर्णन अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील बालवैद्य टॉमस कूली यांनीं १९२५ सालीं प्रथम केलें. भारतांतील पहिल्या रोग्याचा वृत्तान्त १९३८ सालीं कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. त्यानंतर कित्येक वर्षें उपाय एकच होता: दर दोन ते चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त देणें, आणि तें जन्मभर. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कितीतरी मातांनीं फिकट पडलेलें मूल कडेवर घेऊन याच आगगाडीनें शीव किंवा परळ गांठलें आणि रक्ताची पिशवी थेंबाथेंबानें रिकामी होईपर्यंत रुग्णालयाच्या खाटेपाशीं बसून दिवस काढला.

परंतु रक्त हें दुधारी औषध आहे. प्रत्येक पिशवीबरोबर शरीरांत लोह येतें आणि तें बाहेर टाकण्याची वाट शरीरास ठाऊक नाहीं. तें हृदयांत व यकृतांत सांचतें आणि मूल रक्तावांचून मेलें नाहीं तरी लोहानें मरतें. लोह काढून टाकणारें पहिलें औषध रात्रभर त्वचेखालीं सुईनें द्यावें लागे. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तोंडावाटें घेण्याचें डेफेरिप्रोन हें औषध भारतांत आणलें, तेव्हां अनेक कुटुंबांस या सुईपासून सुटका मिळाली.

लोहाहूनहि भयंकर अशी दुसरी एक वस्तु या पिशवींतून येऊं शके. ती म्हणजे विषाणु. कावीळ उत्पन्न करणारे 'बी' व 'सी' हे विषाणु दात्याच्या रक्तांतून रोग्याच्या रक्तांत उतरत. १९८३ सालीं पॅरिस येथें फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक माँटान्ये यांनीं एड्सचा विषाणु शोधून काढला, त्यास एच. आय. व्ही. म्हणतात. १९८६ सालीं मद्रास येथें डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांच्या सहकारी सेल्लप्पन निर्मला यांनीं भारतांतहि त्याचें अस्तित्व उघडकीस आणलें. ज्यास दर महिन्यास दुसऱ्याचें रक्त घ्यावें लागतें त्या मुलाइतका या शत्रूच्या वाटेवर उघडा बसलेला दुसरा कोण असणार? रक्तपेढ्यांतून एच. आय. व्ही.ची तपासणी १९८९ पासून सक्तीची होऊं लागली. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रक्तपेढ्यांच्या कारभारास शिस्त लावणारा निकाल दिला आणि १९९८ च्या आरंभापासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद झाली. 'सी' विषाणूची तपासणी तर २००१ सालीं सक्तीची झाली. तोंवर कित्येक मुलांस एका रोगावरील उपचारानेंच दुसरा रोग जडला होता.

या शत्रूची देहरचना कशी असते, हें जाणण्याचा प्रयत्न फार पूर्वीं, आणि तोहि तंबाखूच्या पानापासून, सुरू झाला. १८९२ सालीं रशियांतील दिमित्री इवानोव्स्की यांस असें दिसलें कीं, तंबाखूच्या रोगट पानांचा रस जंतु अडवून धरणाऱ्या गाळणींतून गाळला तरी त्यांतील रोग उत्पन्न करण्याची शक्ति जात नाहीं. १८९८ सालीं हॉलंडमधील बायरिंक यांनीं हा जंतूहून निराळाच पदार्थ आहे असें प्रतिपादन केलें. १९३५ सालीं अमेरिकेंतील वेंडेल स्टॅन्ली यांनीं तर या विषाणूचे स्फटिक बनविले. साखरेसारखे स्फटिक होणारी वस्तु सजीव म्हणावी कीं निर्जीव, असा प्रश्न त्या वेळीं विद्वानांस पडला. १९३९ सालीं जर्मनींत नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तिचें दर्शन झालें, तेव्हां ती काडीसारखी लांबट दिसली.

या काडीच्या अंतरंगांत शिरण्याचें काम लंडनच्या बर्कबेक कॉलेजांत रोझालिंड फ्रँकलिन यांनीं केलें. १९५३ पासून १९५८ सालीं अकालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें तंबाखूच्या विषाणूचा अभ्यास केला. काडी आंतून पोकळ आहे, एकाच सांच्याच्या सुमारें २,१३० प्रथिनकणांची गोल जिन्यासारखी चढती रांग तिच्या भिंतींत आहे, आणि त्या भिंतींतच न्यूक्लिइक आम्लाचा धागा गुंफलेला आहे, असें चित्र या काळांतील संशोधनांतून स्पष्ट झालें. त्यांचे सहकारी एरन क्लूग यांनीं डोनाल्ड कॅस्पर यांच्यासह १९६२ सालीं गोलाकार विषाणूंच्या कवचाचा भूमितीय नियम मांडला. एकाच प्रकारचे कण पंचकोन व षट्‌कोन करून जोडले तर बंद गोल तयार होतो व त्यांत पंचकोन बरोबर बाराच लागतात. पायानें खेळण्याच्या चामडी चेंडूच्या शिवणींतहि हाच हिशेब दिसून येतो. क्लूग यांस १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

याच सुमारास झालेल्या आणखी तीन प्रयोगांचें महत्त्व त्या वेळीं सामान्य जनांच्या लक्षांत आलें नाहीं. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत फ्रेंकेल-कॉनराट व विल्यम्स यांनीं तंबाखूच्या विषाणूचें प्रथिन व न्यूक्लिइक आम्ल हीं वेगवेगळीं केलीं आणि मग एकत्र मिसळलीं; तेव्हां विषाणु पुन्हां आपोआप जुळून आला. १९५६ सालीं असें दिसलें कीं, प्रथिनावांचून नुसतें न्यूक्लिइक आम्लहि पानास रोग जडवूं शकतें. १९५७ सालीं एका वाणाचें कवच दुसऱ्या वाणाच्या आम्लास चढविलें, तर त्यापासून झालेली प्रजा आम्लाच्याच वळणावर गेली. अर्थ उघड होता. विषाणु म्हणजे पाकिटांत घातलेलें पत्र. पाकिटाचें काम पत्र जपणें व योग्य दारीं पोंचविणें. घरांत शिरून जो अनर्थ होतो तो पत्रांतील मजकुराचा. पाकीट व पत्र हीं वेगळीं करतां येतात, तर एकाच्या पाकिटांत दुसऱ्याचें पत्र कां घालूं नये, हा प्रश्न त्याच वेळीं जन्मास आला होता.

त्याचें उत्तर मिळण्यापूर्वीं रचनेच्या ज्ञानाचा पहिला लाभ रोग हटविण्याच्या कामीं झाला. एच. आय. व्ही.चा मजकूर सुमारें ९,७०० अक्षरांचा आहे. त्यावरून प्रथम लांबलचक प्रथिनें तयार होतात व विषाणूचीच एक कात्री त्यांचे योग्य ठिकाणीं तुकडे करते. हे तुकडे पडल्यावांचून नवा विषाणु परिपक्व होत नाहीं. प्रोटिएज नांवाच्या या कात्रीची संपूर्ण आकृति १९८९ सालीं क्ष-किरणांनीं टिपली गेली. दोन पात्यांच्या मधील फट कशी आहे हें कळतांच तींत नेमका अडकून बसेल असा पदार्थ घडविण्याचा खटाटोप सुरू झाला आणि १९९५ च्या डिसेंबरांत अशा पहिल्या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली. एकाच वेळीं तीन औषधें देण्याची जी पद्धति पुढें रूढ झाली, तिनें एड्सचें मरण लांबविलें. पण तिची किंमत वर्षास दहा हजार डॉलरांहून अधिक होती. २००१ सालीं सिप्लाचे युसुफ हमीद यांनीं परोपकारी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेस तीन औषधांचा असा संच वर्षास ३५० डॉलरांत देऊं केला आणि आफ्रिकेंतील व आशियांतील गरीब रोग्यांचें भवितव्यच पालटलें. 'सी' विषाणूचेंहि तसेंच झालें. त्याची नक्कल करणाऱ्या यंत्रणेची रचना १९९९ सालीं उमगली, २०१३ सालीं तिच्यावरील प्रभावी औषध बाजारांत आलें, आणि २०१८ पासून भारत सरकारनें राष्ट्रीय कार्यक्रमांतून तें मोफत देण्यास आरंभ केला. रक्ताच्या पिशवींतून हा विषाणु घेतलेल्या थॅलेसेमियाच्या रोग्यांस त्यामुळें मोठाच दिलासा मिळाला.

एच. आय. व्ही.च्या पोटांत शंकूच्या आकाराचें एक कवच असतें. तें सुमारें पंधराशें सारख्या प्रथिनकणांचें बनलेलें असून, कॅस्पर व क्लूग यांच्या हिशेबाप्रमाणें त्यांतहि पंचकोन बाराच आहेत. पेशीच्या गाभ्याभोंवतीं जी भिंत असते तिच्या बारीक छिद्रांतून हा शंकु आपल्या निमुळत्या टोंकाकडून अखंड आंत जाऊं शकतो, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणांत दिसून आलें. या शंकूच्या दोन कणांमधील खांचेंत जाऊन बसणारें व त्याची घडणमोड बिघडविणारें लेनाकापाविर हें औषध २०२२ सालीं मान्य झालें. त्याचें इंजेक्शन वर्षांतून दोनदांच घ्यावें लागतें.

जो शंकु रोग्याच्या शरीरांत निकामी करावयाचा, तोच शंकु जनुकोपचार करणारांस जपून वापरावयाचा होता. पेशीच्या गाभ्यापर्यंत परका मजकूर नेऊन तो तेथील ग्रंथांत कायमचा शिवून टाकणें, हें जें एच. आय. व्ही.चें भयंकर सामर्थ्य, तेंच थॅलेसेमियाच्या मुलास हवें होतें. फक्त मजकूर निराळा हवा होता.

ही वाट सरळ नव्हती. १९९० सालीं अमेरिकेंत एका लहान मुलीच्या रक्तपेशींत विषाणूच्या साहाय्यानें नवें जनुक घालण्यांत आलें आणि जनुकोपचाराचा प्रारंभ झाला. १९९९ सालीं तेथेंच अठरा वर्षांचा एक तरुण दुसऱ्या जातीच्या विषाणूचें वाहन दिलें असतां शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेनें दगावला. त्याच्या शरीरानें पत्र वाचण्यापूर्वींच पाकिटावर हल्ला चढविला होता. पॅरिस व लंडन येथें रोगप्रतिकारशक्ति नसलेल्या वीस मुलांवर उपचार झाले. बहुतेकांस गुण आला, परंतु २००२ पासून पुढें त्यांपैकीं पांचांस रक्ताचा कर्करोग झाला. उंदरांच्या विषाणूपासून केलेलें तें जुनें वाहन नव्या जनुकाबरोबर आपली स्वतःची चेतविणारी आज्ञाहि घेऊन जाई, आणि ती शेजारच्या भलत्याच जनुकास जागें करी.

सुधारणेची दिशा १९९६ सालीं सांपडली होती. कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत लुइजी नाल्दिनी, दिदिए त्रोनो व मूळचे पंजाबचे इंदर वर्मा यांनीं एच. आय. व्ही.पासूनच एक निरुपद्रवी वाहन तयार केलें. त्याची युक्ति रचनेच्या ज्ञानावर उभी आहे. कवच घडविणाऱ्या आज्ञा वेगळ्या, बाहेरील आवरणाची आज्ञा वेगळी आणि न्यावयाचा मजकूर वेगळा, असे तुकडे करून ते प्रयोगशाळेंतील पेशींत एकाच वेळीं सोडावयाचे. पाकिटांत काय भरावयाचें हें विषाणु एका खुणेवरून ओळखतो. ती खूण फक्त न्यावयाच्या मजकुरावर ठेवावयाची. त्यामुळें जें पाकीट तयार होतें त्यांत विषाणु पुन्हां निर्माण करण्याच्या आज्ञाच नसतात. तें एकदां दार उघडतें, पत्र टाकतें आणि संपतें. एच. आय. व्ही.च्या मूळ आवरणाऐवजीं गुरांच्या तोंडास फोड आणणाऱ्या एका विषाणूचें आवरण त्यावर चढविलें, म्हणजे नाना प्रकारच्या पेशींचीं दारें त्यास उघडतात. पुढें मजकुराच्या टोंकांवरील चेतविणारी आज्ञाहि कापून टाकण्यांत आली. अशा वाहनास लेंटिव्हायरस वाहन म्हणतात.

बीटा साखळीचें जनुक या पाकिटांत बसविणें सोपें नव्हतें. १९८७ सालीं असें कळलें होतें कीं, या जनुकास पूर्ण जोमानें काम करण्यासाठीं दूरवर पसरलेला एक नियंत्रक प्रदेश लागतो. सगळा प्रदेश पाकिटांत मावेना. म्हणून त्यांतील सारभूत तेवढे तुकडे निवडावे लागले. २००० सालीं न्यूयॉर्क येथें मिशेल सादलें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें जनुक घालून थॅलेसेमिया झालेल्या उंदरांची प्रकृति सुधारली. २००७ सालीं पॅरिस येथें फिलिप लबूल्श व मरीना काव्हाझाना यांच्या पथकानें एका तरुण रोग्याची अस्थिमज्जा काढून तींतील मूळपेशींत नवें जनुक घातलें व त्या त्यास परत दिल्या. सुमारें वर्षभरानें त्यास बाहेरचें रक्त देणें थांबलें. याचा वृत्तान्त २०१० सालीं प्रसिद्ध झाला.

यानंतर २०१८ सालीं बावीस रोग्यांचे निष्कर्ष बाहेर आले. ज्यांच्या शरीरांत बीटा साखळी थोडीबहुत बने अशा तेरांपैकीं बारा जणांचें रक्त घेणें थांबलें. पण ज्यांच्यांत ती मुळींच बनत नसे अशा नवांपैकीं तिघांचेंच थांबलें. ६१९ अक्षरें गळालेला दोष या दुसऱ्या, कठीण वर्गांतला. म्हणून उल्हासनगरच्या दृष्टीनें या आंकड्यांत आशेपेक्षां निराशाच अधिक होती. वाहन अधिक शुद्ध करून व प्रत्येक पेशींत त्याच्या अधिक प्रती पोंचतील अशी तजवीज करून पुन्हां प्रयत्न झाला. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कठीण वर्गांतील अठरांपैकीं सोळा रोग्यांचें रक्त घेणें थांबलेलें आढळलें.

येथपर्यंत शास्त्रानें आपलें काम केलें. पुढचा अडसर पैशाचा आहे. हा उपचार युरोपांत २०१९ सालीं व अमेरिकेंत २०२२ सालीं मान्य झाला. अमेरिकेंत त्याची किंमत २८ लक्ष डॉलर ठेवण्यांत आली. युरोपांत किमतीविषयीं एकमत न झाल्यामुळें कंपनीनें तो बाजारांतून काढूनच घेतला. विषाणूच्या वाहनाशिवाय, रोग्याच्या पेशींतील मजकूर जागच्या जागीं कातरून दुरुस्त करण्याचाहि एक उपचार २०२३ सालीं इंग्लंडांत मान्य झाला. त्याचीहि किंमत तशीच डोळे पांढरे करणारी आहे. निरोगी भावंडाची अस्थिमज्जा जुळली तर ती बसवून रोग बरा करण्याची रीति आपल्या देशांत जुनी आहे. वेल्लोर येथें १९८६ सालीं थॅलेसेमियावर ती प्रथम यशस्वीपणें वापरली गेली. परंतु जुळणारें भावंड प्रत्येकास नसतें.

तथापि याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोंकाकडे जें घडलें आहे, तें उमेद वाढविणारें आहे. पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंतील राहुल पुरवार व टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉक्टर यांनीं मिळून रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर जनुकोपचार सिद्ध केला. रोग्याच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, लेंटिव्हायरस वाहनानें त्यांत कर्करोग ओळखण्याचें जनुक घालून, त्या परत द्यावयाच्या, अशी ही रीति आहे. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्यास सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें पवई येथें त्याचें लोकार्पण झालें. परदेशांतील तशाच उपचाराच्या सुमारें एक दशांश किमतीस तो मिळूं लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील आलोक श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हीमोफिलिया या रक्तस्रावाच्या आनुवंशिक रोगावर, मूळपेशींत लेंटिव्हायरस वाहनानें जनुक घालून, पांच रोग्यांचा रक्तस्राव थांबविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मूळपेशी तीच, वाहनाची जात तीच. थॅलेसेमियासाठीं मजकूर तेवढा निराळा. जें पवईस व वेल्लोरास साधलें, तें या रोगाच्या बाबतींत असाध्य आहे असें म्हणण्यास आतां फारसा आधार उरला नाहीं.

तोंवर वाट पाहणाऱ्यांच्या हातीं एक साधा, स्वस्त उपाय आहे. विवाहापूर्वीं, निदान गरोदरपणाच्या आरंभीं, रक्तांतील हिमोग्लोबिन ए-२ चें प्रमाण तपासलें कीं मनुष्य वाहक आहे कीं नाहीं हें कळतें. दोघेहि वाहक निघाले तर गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करतां येते. तपासणी करून घेण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. वाहक असणें हा रोग नव्हे कीं कुळास डाग नव्हे. सायप्रस व सार्डिनिया या भूमध्यसमुद्रांतील बेटांवर अशाच तपासणीनें नवे रोगी जन्मणें जवळजवळ बंद झालें आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजनांच्या कायद्यांत थॅलेसेमियाचा समावेश झाला आणि रोग्यांस कायद्याचा आधार मिळाला. मात्र ज्या घरांत मूल आधींच आजारी आहे, त्या घरास तपासणीचा उपदेश पुरेसा होत नाहीं. त्यास रक्त हवें, तें शुद्ध हवें, आणि पुढें तो उपचारहि हवा.

तंबाखूच्या पानावरील डागांपासून निघालेलें हें ज्ञान सव्वाशें वर्षांत एच. आय. व्ही.च्या शंकूपर्यंत व तेथून मुलाच्या अस्थिमज्जेपर्यंत आलें आहे. ज्या विषाणूनें रक्ताच्या पिशवींतून येऊन थॅलेसेमियाच्या मुलांचा घात केला, त्याच्याच पाकिटांतून निरोगी हिमोग्लोबिनाचा मजकूर पाठविण्यांत मनुष्यास यश आलें. १९४९ सालीं बराकींत संसार थाटणाऱ्या लोकांस आपल्या नातवंडांस काय होतें आहे, हें सांगणाराहि कोणी नव्हता. आतां निदान आणि उपाय दोन्ही माहीत आहेत. तो उपाय कल्याण-कर्जत वाटेवरील सामान्य कुटुंबाच्या आवांक्यांत किती लौकर येतो, हें यापुढें प्रयोगशाळेइतकेंच सरकारच्या खजिन्यावर व समाजाच्या निर्धारावर अवलंबून आहे.